बर्फारोहणाचे हातमोजे

बर्फारोहणाचे हातमोजे हे गोठलेले धबधबे, हिमनद्यांच्या उभ्या कडा आणि बर्फाने मढलेले कडे चढताना थंडी, ओलावा व मार यांपासून हातांचे रक्षण करण्यासाठी वापरले जाणारे हातमोजे होत. स्कीइंग किंवा साध्या हिमपदभ्रमणाच्या हातमोज्यांपेक्षा त्यांच्याकडून असलेली अपेक्षा वेगळी असते. बर्फ चढणाऱ्याला त्याच हातांनी हिमकुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरावा लागतो, आइस स्क्रू फिरवावा लागतो, कॅराबिनरचे तोंड उघडावे लागते आणि दोराला गाठही मारावी लागते. ऊब हवी असेल तर जाडी वाढवावी लागते, आणि जाडी वाढली की बोटांचे कसब उणावते. या विरोधावर एकाच जोडीत तोडगा निघालेला नाही. त्यामुळे अनुभवी आरोहक सर्वगुणसंपन्न जोडी शोधत बसण्यापेक्षा दिवसभरात आलटून-पालटून वापरता येतील अशा दोन ते चार जोड्यांची योजना करतात.

हात थंड का पडतात

हातमोजा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. रक्ताबरोबर हातात आलेली उष्णता बाहेर जाण्याचा वेग तो कमी करतो, एवढेच त्याचे काम. बोटे हलवणारे बहुतेक मोठे स्नायू पंजात नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यामुळे पंजात स्नायूंच्या हालचालीतून निर्माण होणारी उष्णता थोडी असते. शिवाय बोटे बारीक व लांबट असल्याने आकारमानाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता झपाट्याने निसटते. शरीराच्या गाभ्याचे तापमान उतरू लागले की हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त हृदय, मेंदू आदी अवयवांकडे राखले जाते. अशा स्थितीत कितीही जाड हातमोजा घातला तरी आत जपण्याजोगी उष्णताच पोहोचत नाही. थंड पडलेल्या हातांवर बरेचदा टोपी, अंगात आणखी एक जाकीट आणि पोटात चार घास हा उपाय नव्या हातमोज्यांपेक्षा लवकर लागू पडतो, तो याच कारणामुळे.

थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या सतत आकुंचित राहत नाहीत. काही मिनिटांनी त्या थोड्या वेळापुरत्या प्रसरण पावतात, पुन्हा आकुंचन पावतात आणि हे चक्र चालू राहते. ब्रिटिश वैद्यक थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन केले. ही प्रतिक्रिया प्रत्येकात सारखी तीव्र नसते. म्हणून एकाच दोरावरच्या दोघांपैकी एकाला जो हातमोजा पुरतो तो दुसऱ्याला अपुरा पडू शकतो. रेनो विकार असलेल्या व्यक्तींची बोटे तर सौम्य थंडीतही पांढरी पडतात.

बर्फारोहणात दोन गोष्टींची भर पडते. हात बराच वेळ डोक्याच्या वर असतात आणि मूठ आवळलेली असते. हात हृदयाच्या पातळीपासून जितका वर जाईल तितका त्यातील रक्तदाब घटतो. ही घट दर सेंटिमीटरला सुमारे पाऊण मिलिमीटर पारा, म्हणजे अर्धा मीटर उंचावलेल्या हातात जवळजवळ ४० मिलिमीटर पारा एवढी असते. आवळलेल्या मुठीत तळव्याच्या व बोटांच्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात ते वेगळेच. हात खाली आणल्यावर रक्त पुन्हा वेगाने वाहू लागते आणि त्या वेळी असह्य कळा येतात. ब्रिटनमधील आरोहक त्यांना 'हॉट एक्स' म्हणजे गरम कळा म्हणतात. उत्तर अमेरिकेत त्यांना 'स्क्रीमिंग बार्फीज' असे नाव आहे. त्यातील 'बार्फ' हा इंग्रजी बोलीतला ओकारीसाठीचा शब्द असून त्याचा बर्फाशी अथवा बर्फीशी काहीही संबंध नाही. कळा एवढ्या तीव्र असतात की किंचाळी आणि मळमळ एकदमच येते, असा त्या नावाचा आशय आहे.

बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की बारीक कामातले कौशल्य कमी होऊ लागते आणि आठेक अंशांवर स्पर्शज्ञान जवळपास नाहीसे होते. उभ्या बर्फावर याचा अर्थ सरळ आहे. स्क्रूचे दाते बर्फात धरले की नाही, कॅराबिनरचे तोंड पूर्ण मिटले की नाही, हे बोटांना कळत नाही.

ओलावा

कोरड्या हिवापेक्षा शून्याच्या आसपासचा ओलावा हातांना अधिक त्रासदायक ठरतो. उष्णतारोधक थराचे सारे सामर्थ्य त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. हवेच्या जागी पाणी शिरले की हे सामर्थ्य संपते, कारण पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट आहे. शिवाय ओला हातमोजा वाळताना एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनासाठी जवळजवळ २,४०० जूल उष्णता लागते आणि तिचा मोठा वाटा हातातूनच जातो. हातमोज्याने शंभर ग्रॅम पाणी शोषले असेल, तर ते हाताच्या उबेवर वाळवण्याचा खर्च थकलेल्या शरीराला परवडणारा नसतो.

उणे १५ अंशांत हिम कोरडे व भुसभुशीत असते. ते झटकले की पडून जाते. शून्याजवळ तेच हिम हातमोज्याला चिकटून वितळते. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या १,३४५ मीटर उंचीच्या पर्वताचे आहे. उंचीच्या मानाने तो किरकोळ. परंतु अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांमुळे तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्य होते आणि हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूच्या आगेमागे घुटमळत राहते. एकाच दिवशी पाऊस, गारा व हिम झेलावे लागत असल्याने तेथील आरोहकांमध्ये जादा हातमोजे नेण्याची सवय पक्की झालेली आहे.

पाणी बाहेरूनच येते असेही नाही. हिमातून वाट काढत कड्याच्या पायथ्याशी जाताना हातांना घाम येतो आणि चढाई सुरू होण्याआधीच अस्तर दमट झालेले असते. भिजलेला दोर हा दुसरा दुर्लक्षित स्रोत होय. बिले देताना किंवा दोरावरून खाली उतरताना उपकरणात दोर पिळला जातो आणि त्यातले पाणी नेमके तळव्यावर येते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्फाचे उतार पायऱ्या खोदून चढले जात. लांब दांड्याची एक कुऱ्हाड दोन्ही हातांनी चालवली जाई. हात बहुधा छातीच्या पातळीवर व हालते असत. त्यासाठी लोकरीचे जाड मिटन, म्हणजे अंगठा वेगळा व चारही बोटे एका पिशवीत असलेले हातमोजे पुरत. ऑस्ट्रियातील डाखश्टाइन मिटन विशेष प्रसिद्ध होते. ते मुद्दाम मोठ्या मापाचे विणून नंतर आटवले जात. त्यामुळे लोकर नमद्यासारखी घट्ट होई, वारा अडे, आणि भिजल्यावरही बरीच ऊब टिकून राही. हिम चिकटून त्यांच्यावर बर्फाची कवची तयार होई व तीच वाऱ्याला आडोसा देई. स्कॉटलंडमध्ये कित्येक दशके हेच मिटन प्रमाण मानले जात.

हातमोजा गमावण्याची किंमत काय असू शकते, हे ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णा शिखरावर (८,०९१ मीटर) दिसून आले. मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल या फ्रेंच आरोहकांनी त्या दिवशी शिखर गाठले. आठ हजार मीटरहून उंच शिखरावर माणसाने पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. उतरताना हर्झॉग यांचे हातमोजे हातून सुटले आणि उतारावरून घरंगळत गेले. त्यांच्या पाठपिशवीत जादा पायमोजे होते. ते हातांत घालता आले असते, पण विरळ हवेत थकलेल्या मनाला ते सुचलेच नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले. हिमदंशामुळे मोहिमेचे डॉक्टर झाक उदो यांना परतीच्या वाटेवरच शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि हर्झॉग यांनी हातांची व पायांची बोटे गमावली. एव्हरेस्टवरील मे १९९६ च्या वादळात हातमोजा गमावलेले अमेरिकी आरोहक बेक वेदर्स यांचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. डाव्या हाताची बोटेही गेली. मनगटाला दोरीने बांधलेले हातमोजे काही जणांना बालिश वाटतात. उंचीवरच्या मोहिमांत मात्र ही दोरी आवश्यक मानली जाते.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी आरोहक व साहित्यनिर्माते इव्हाँ शुइनार्ड यांनी वक्र चोचीची कुऱ्हाड प्रचारात आणली. स्कॉटलंडमध्ये हॅमिश मॅकिनेस यांनी खाली झुकलेल्या चोचीचे आखूड हत्यार तयार केले. दोन हातांत दोन कुऱ्हाडी आणि बुटांना पुढे दाते असलेले क्रॅम्पॉन यांच्या बळावर उभा बर्फ पायऱ्या न खोदता चढता येऊ लागला. हातमोज्यांच्या दृष्टीने हा बदल निर्णायक होता. हात आता सतत वर आणि मूठ सतत आवळलेली असू लागली, दांडा सरळ असल्याने प्रत्येक घावाबरोबर मुठीचे उंचवटे बर्फावर आपटू लागले आणि मिटनमध्ये न होणारी बारीक कामे उभ्या भिंतीवर लटकून करावी लागू लागली. त्या काळी कुऱ्हाड मनगटाला पट्ट्याने जखडलेली असे. त्या पट्ट्यावर अंगाचा भार येऊन रक्तप्रवाह आणखी अडे. २००० नंतर वळणदार दांड्याच्या, पट्टा नसलेल्या कुऱ्हाडी रूढ झाल्या. त्यांमुळे मूठ बर्फापासून दूर राहते आणि एक हात केव्हाही सोडून, खाली झटकून त्यात रक्त खेळवता येते. आज तुलनेने पातळ हातमोज्यांत अवघड बर्फ चढता येतो, याचे श्रेय कापडाइतकेच दांड्याच्या या वळणालाही आहे.

रचना व साहित्य

बहुतेक आधुनिक हातमोज्यांत बाहेरचे कवच, जलरोधक पटल, उष्णतारोधक थर आणि अस्तर असे चार स्तर असतात. कवचाचा तळवा सहसा चामड्याचा असतो. दोर सरसर सरकताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता चामडे सहन करते, तर नायलॉनसारखे कृत्रिम कापड वितळू शकते. शेळीचे कातडे पातळ, मऊ व तरीही चिवट असल्याने त्याला पसंती मिळते. गाईचे चामडे अधिक टिकाऊ पण ताठर असते. कोणतेही चामडे मेण किंवा तत्सम लेपाविना पाणी पिते.

जलरोधक पटलांमध्ये विस्तारित पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीनचे पटल सर्वांत परिचित आहे. अमेरिकेतील बॉब गोर यांनी १९६९ मध्ये या पदार्थाचा शोध लावला आणि 'गोर-टेक्स' या नावाने त्याचे कापड १९७६ पासून बाजारात आले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबासाठी फारच लहान, मात्र बाष्पासाठी पुरेशी मोठी असतात. जाकिटात हे तत्त्व जितके उपयोगी पडते तितके हातमोज्यात पडत नाही. बोटांच्या वळणांत शिवणी फार, हालचाल सतत, आणि बाहेरचे चामडे एकदा भिजले की बाष्पाला वाट उरत नाही. पटल कवचाला चिकटवलेले नसेल तर दोहोंमध्ये पाणी साचून हातमोजा जड व थंड होतो, मग आतला हात कोरडा का असेना. कवचावरील पाणी निथळवणारा लेप त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. अशा लेपांतील फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात दीर्घकाळ टिकून राहत असल्याने अनेक उत्पादक ती वापरणे सोडत आहेत. पर्यायी लेप अधिक वेळा द्यावे लागतात.

उष्णतारोधक थरासाठी पिसे क्वचितच वापरतात, कारण ती भिजली की गोळा होतात आणि मूठ आवळल्यावर दबतात. त्यांच्याऐवजी अमेरिकी लष्करासाठी १९८० च्या दशकात विकसित झालेल्या प्राइमालॉफ्टसारखे बारीक पॉलिएस्टर तंतू, फ्लीस किंवा लोकर वापरली जाते. विचारी उत्पादक हा थर हाताच्या पाठीवर जाड व तळव्यावर पातळ ठेवतात. तळव्यावरचा जाड थर मुठीत दबून ऊब देत नाही आणि पकड मात्र बिघडवतो.

खरेदी करताना सहसा न तपासला जाणारा भाग म्हणजे अस्तराची जोडणी. अस्तर बोटांच्या टोकाशी पक्के केलेले नसेल, तर ओला हात बाहेर काढताना ते उलटे होऊन त्याबरोबर बाहेर येते. वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी ते पुन्हा आत बसवणे जवळजवळ अशक्य असते. दुकानात हात किंचित ओला करून हातमोजा दोन-चारदा घालून काढल्यास हा दोष लगेच दिसतो.

पूर्ण जलरोधक व स्वस्त पर्याय म्हणून कामगारांचे हातमोजेही वापरले जातात. जपानच्या शोवा कंपनीचा 'टेमरेस २८२' हा आतून अस्तर आणि बाहेरून पॉलियुरेथेनचा अखंड लेप असलेला हातमोजा मुळात थंड, ओल्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठीचा. शिवणी नसल्याने त्यातून पाणी शिरत नाही, आणि त्यामुळे तो बर्फारोहकांमध्येही लोकप्रिय झाला आहे. अणकुचीदार बर्फाने व क्रॅम्पॉनच्या दात्यांनी त्याचा लेप फाटू शकतो.

माप

हातमोज्याचे माप अंगठा वगळून तळहाताच्या रुंद भागाभोवतीच्या घेरावरून ठरते. युरोपीय पद्धतीत ८ क्रमांकाचा हात म्हणजे २०३ मिलिमीटर घेर व १८२ मिलिमीटर लांबी. ९ क्रमांकाचा घेर २२९ मिलिमीटर. घेर जुळला तरी बोटांची लांबी जुळेलच असे नाही. बोटांच्या टोकाशी रिकामी चुणी उरली तर ती कॅराबिनरमध्ये अडकते. टोके दाबली गेली तर तेथला हवेचा थर आणि रक्तप्रवाह दोन्ही जातात. माप पाहताना हात सपाट ठेवून उपयोग नाही, कुऱ्हाडीचा दांडा धरून हात डोक्यावर उचलून पाहावा लागतो. सपाट हाताला बेताचा वाटणारा हातमोजा मुठीत मनगटावर व बोटांच्या सांध्यांवर आवळतो. बोटांना आधीच वाक दिलेल्या हातमोज्यात मूठ मिटताना कापडाशी झुंजावे लागत नाही. जाड हातमोज्यामुळे दांड्याचा घेर वाढल्यासारखा होऊन पकडीला अधिक जोर लागतो आणि कोपराखालचे स्नायू लवकर भरून येतात. त्यामुळे आरोहकाला गरम हात मिळतात पण दम राहत नाही.

जोड्यांची योजना

कड्यापर्यंतच्या चालीसाठी पातळ फ्लीसचे किंवा लोकरीचे हातमोजे वापरतात. ते घामाने भिजले तरी चालते, कारण चढाईआधी ते काढून ठेवले जातात. आघाडीच्या आरोहकासाठी अंगाशी बसणारी, पातळ वा मध्यम जाडीची जलरोधक जोडी असते. बिले देणाऱ्याला तास-तासभर जवळजवळ स्थिर उभे राहावे लागते, त्यामुळे त्याच्यासाठी जाड हातमोजे किंवा मिटन असतात. लांब चढाईत आघाडीची जोडी दोनदा बदलावी लागेल असे धरून चालतात. एक जोडी हातांत असताना दुसरी जाकिटाच्या आत छातीशी ठेवतात. पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेला कोरडा हातमोजा उपयोगाच्या वेळी बर्फाइतकाच थंड निघतो. अनेक हातमोज्यांच्या बोटाच्या टोकाला लहान फास शिवलेला असतो. त्यात कॅराबिनर अडकवल्यास हातमोजा तोंड खाली करून लटकतो व आत हिम पडत नाही.

काही जण आत नायट्रिलचे पातळ वैद्यकीय हातमोजे घालतात. घाम त्यातच अडतो, हात ओलसर राहतो, परंतु उष्णतारोधक थर कोरडा राहतो. अनेक दिवसांच्या मोहिमेत हा सौदा फायद्याचा ठरतो. लोहचूर्णाच्या ऑक्सिडीकरणावर चालणाऱ्या ऊबपुड्यांना हवा लागते. घट्ट जलरोधक हातमोज्यात आणि अतिउंचीवर त्या मंदावतात.

मानके

युरोपातील 'ईएन ५११' हे मानक थंडीपासूनच्या संरक्षणासाठी आहे. त्यात तीन अंक दिलेले असतात. पहिला हवेतील थंडीला विरोध (० ते ४), दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाला विरोध (० ते ४) आणि तिसरा पाण्याचा शिरकाव (० किंवा १) दर्शवतो. उताराला कुऱ्हाडीचे धातूचे डोके हातात धरून चालताना दुसरा अंक महत्त्वाचा ठरतो. हे चिन्ह मुख्यतः कामगारांच्या हातमोज्यांवर आढळते. आरोहणाच्या हातमोज्यांवर उत्पादक अमुक अंशांपर्यंत उबदार असा दावा छापतात. पण वारा, ओलावा, हालचाल आणि व्यक्तीचा रक्तप्रवाह यांवर ऊब अवलंबून असल्याने त्या आकड्याचा उपयोग फार तर एकाच उत्पादकाच्या दोन प्रकारांची तुलना करण्यापुरता आहे.

इजा

त्वचेच्या पेशीजालातील पाणी गोठून होणाऱ्या इजेला हिमदंश म्हणतात. मिठामुळे हे पाणी शून्याच्या किंचित खाली, सुमारे उणे अर्ध्या अंशावर गोठू लागते. आधी दुखणारे बोट एकाएकी दुखेनासे झाले, पांढरे व मेणासारखे दिसू लागले, तर ती धोक्याची खूण असते. बरे वाटू लागल्याचा गैरसमज येथेच होतो. तापमान शून्याच्या वर असतानाही दीर्घकाळ ओल्या थंडीत राहिल्यास न गोठताही मज्जातंतूंना इजा होते. गोठलेला भाग हिमाने चोळणे हा जुना उपाय घातक ठरला आहे. तो ३७ ते ३९ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ऊब देऊन वितळवतात, आणि तेही पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तरच.

निगा

ओले हातमोजे शेगडीजवळ वाळवल्यास चामडे आटून कडक होते आणि पटलाचा डिंक सुटतो. तंबूत ते पिळून रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवले जातात. घामाचा क्षार व मळ पटलाची छिद्रे बुजवत असल्याने सौम्य साबणाने अधूनमधून धुणे आणि चामड्याला मेण लावणे आवश्यक असते.

भारतातील वापर

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात आणि लडाखमध्ये ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर हिवाळ्यात धबधबे गोठतात व तेथे बर्फारोहण केले जाते. तेथील हिवाळा कोरडा असून रात्रीचे तापमान उणे २० अंशांच्या खाली जाऊ शकते. त्यामुळे जलरोधकतेपेक्षा जाडीला व वारा अडवण्याला अधिक महत्त्व येते. याउलट उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे (स्थापना १९६५) बर्फावरील प्रशिक्षण ज्या डोक्रियानी बामक हिमनदीवर होते, तेथे उन्हाळी दिवसांत दुपारपर्यंत हिम पाणावते आणि प्रशिक्षणार्थींचे हात दिवसभर ओले राहतात. महाराष्ट्रातून अशा अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांपैकी अनेकांचा सराव सह्याद्रीतील प्रस्तरारोहणाचा असतो. त्यात कातळाचा खडबडीतपणा उघड्या बोटांनी चाचपण्याची सवय मुरलेली असते, आणि गाठ मारताना हातमोजा दातांत धरून काढण्याकडे हात आपोआप वळतो. म्हणून हिमनदीवर जाण्याआधीच हातमोजे घालून आठच्या आकाराची गाठ मारणे, स्क्रू लावणे व कॅराबिनर हाताळणे यांचा सराव करून घेतला, तर तेथे हातमोजे काढण्याचे प्रसंग बरेच कमी येतात.